दहा गुणांचा रकाना

विज्ञानकथा स्पर्धांच्या सन्माननीय परीक्षकांस,

सप्रेम नमस्कार.

यंदा एका विज्ञानकथा स्पर्धेच्या चाळणी फेरीत मी वाचक होतो. आयुष्यातली तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवण्यात गेली, त्यामुळे गठ्ठा घरी आला की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. गठ्ठ्यासोबत गुणपत्रक होतं. कथाबीज, मांडणी, भाषा, वैज्ञानिक आधार हे नेहमीचे रकाने. पाचवा रकाना असा होता: 'यंत्रमानव, परग्रहवासी वा इतर मानवेतर पात्रांत मानवी भावना प्रभावीपणे उतरल्या आहेत का? गुण १०.'

स्पर्धेचं नाव लिहीत नाही. माझं भांडण त्या रकान्याशी आहे.

गठ्ठ्यातल्या निम्म्याहून जास्त कथांत शेवटच्या पानावर यंत्र रडलं. कुठे कॅमेऱ्याच्या काचेवर ओल आली, कुठे स्वयंपाकघरातल्या यंत्रानं आजी गेल्यावरही दोन कप चहा टाकला. चहाची कथा बरी होती, खोटं कशाला बोलू. पण पाचसहा कथांनंतर माझ्या लक्षात आलं, की ही मंडळी कथा लिहीतच नव्हती. ती पाचव्या रकान्याचं उत्तर लिहीत होती. मुलं असंच करतात. प्रश्नपत्रिका कशी निघते हे एकदा कळलं की धडा वाचायची गरज उरत नाही.

माणसाचं मन आणि माणसाचं नसलेलं मन यांच्यातली रेघ नेमकी कुठे पडते, हा प्रश्न मोठ्या लेखकांनीही घेतला. त्यांची पुस्तकं मी या उन्हाळ्यात पुन्हा काढून बसलो. तुमचा रकाना त्यांतल्या कुणाला किती गुण देईल, हे पाहायचं होतं.

सुरुवात मेरी शेलीपासून केली. 'फ्रँकेन्स्टाइन' १८१८ साली लेखिकेच्या नावाशिवाय छापलं गेलं, तेव्हा ती वीस वर्षांची होती. आपल्याकडे अजूनही पुष्कळ जण त्या प्राण्यालाच फ्रँकेन्स्टाइन म्हणतात. ते नाव त्याला घडवणाऱ्याचं. त्याला स्वतःला नावच नाही. तो एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपून राहतो आणि भिंतीच्या फटीतून त्या घरातल्या लोकांना बघत बघत भाषा शिकतो. मग जंगलात एक चामड्याची पेटी सापडते. तीत तीन पुस्तकं: मिल्टनचं महाकाव्य, प्लुटार्कच्या चरित्रांचा एक खंड आणि गटेची वेर्थरची कादंबरी. एवढ्या अभ्यासक्रमावर तो तयार होतो, आणि एक दिवस धीर करून घरातल्या म्हाताऱ्याला, डे लेसीला, भेटायला जातो. बाकीचे बाहेर गेलेत. म्हातारा आंधळा आहे.

ही माझ्या मते या विषयावरची सगळ्यांत मोठी तोंडी परीक्षा. म्हातारा त्याचं बोलणं ऐकतो आणि विचारतो, तुम्ही आमच्याच देशाचे का, फ्रेंच का? हा म्हणतो, नाही, पण एका फ्रेंच कुटुंबाकडे शिकलो. म्हातारा म्हणतो, मला तुमचा चेहरा दिसत नाही, पण तुमच्या बोलण्यात असं काही आहे की तुम्ही खरे वाटता. पेपर सुटला. पैकीच्या पैकी. तेवढ्यात दार उघडतं, मुलं परत येतात. एक मुलगी बेशुद्ध पडते, दुसरी पळून जाते आणि मुलगा काठी घेऊन त्याला झोडपतो. त्याच्या मनात त्या क्षणात काहीही बदललेलं नाही. परीक्षक बदलला.

हे वाचताना मला किष्किंधाकांड आठवलं, आणि आठवल्यावर सोडवेना. वाल्मीकींकडेही अशीच तोंडी परीक्षा आहे. हनुमान भिक्षूच्या वेषात राम-लक्ष्मणांपुढे येतो आणि बोलतो. ते ऐकून राम लक्ष्मणाला म्हणतो, की ऋग्वेद, यजुर्वेद आणि सामवेद जाणल्याशिवाय असं बोलता येणार नाही. यानं सगळं व्याकरण पुष्कळदा ऐकलेलं दिसतं. 'बहु व्याहरतानेन न किञ्चिदपशब्दितम्', इतका वेळ बोलला, पण एक शब्द चुकला नाही. व्याकरणाचे गुण देणारा परीक्षक मला नेहमीच आवडतो, पण ते असो. पुढच्याच सर्गात हनुमान भिक्षूचा वेष टाकतो, वानर होतो आणि दोघा भावांना पाठीवर घेऊन निघतो. कुणी काठी उचलत नाही. कान आणि डोळे, दोन्हींच्या परीक्षेत एकच उत्तर.

इथेच थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण त्याच कांडात थोडं पुढे वालीवध आहे. बाण लागून पडलेला वाली विचारतो, मी दुसऱ्याशी लढत असताना मला आडून का मारलंस? राम जे उत्तर देतो त्यात दोन मुद्दे आहेत. एक, तू धाकट्या भावाची बायको ठेवलीस, हा अधर्म आहे आणि त्याला दंड मृत्यूचा. दोन, तू शाखामृग आहेस. माणसं मृगाला समोरून मारतात, आडून मारतात, जाळ्यात धरतात, त्यात दोष नाही. दोन्ही मुद्दे एकाच सर्गात, अठराव्यात. गुन्हा ठरवताना वाली धर्म कळणारा ठरला, आणि मारण्याची पद्धत ठरवताना पशू. यावर टीकाकारांनी पुष्कळ लिहून ठेवलंय. तो वाद इथे उकरायचा नाही, आणि माझा तेवढा अधिकारही नाही. मला वाल्मीकींचं धाडस दिसतं. त्यांनी एकाच कांडात हनुमानाला रेघेच्या अलीकडे घेतलं, वालीला एकाच भाषणात अलीकडे आणि पलीकडे दोन्हीकडे ठेवलं, आणि वालीचे प्रश्न गाळले नाहीत. रेघ ओढणारा हात त्यांनी झाकला नाही.

आता भावनेवर येतो, कारण तुमचा रकाना तिच्यावरच उभा आहे. भावनेची मोजपट्टी लावून माणूस ओळखायची परीक्षा फिलिप के. डिक यांनी १९६८च्या कादंबरीत प्रत्यक्ष लिहूनच दाखवली. यांत्रिक मेंढीची स्वप्नं पडतात का, असं विचारणारी ती कादंबरी. 'ब्लेड रनर' हा १९८२चा चित्रपट तिच्यावरूनच निघाला. महायुद्ध होऊन गेलंय, प्राणी जवळजवळ संपलेत, आणि खरा प्राणी पाळणं ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे. मंगळावरून पळून आलेले अँड्रॉइड, म्हणजे बनवलेली कृत्रिम माणसं, शोधून संपवायचं काम रिक डेकार्डचं. अँड्रॉइड दिसायला, बोलायला माणसासारखेच. मग ओळखायचे कसे? डोळ्यांवर प्रकाशाचा झोत टाकायचा, गालाला तार चिकटवायची आणि प्रश्न विचारायचे. उदाहरणार्थ: वाढदिवसाला तुम्हाला वासराच्या कातड्याचं पाकीट भेट मिळालं. दचकायला किती वेळ लागला, ते यंत्र मोजतं.

मी पायांकडे बघितलं. कोल्हापुरी. खरं चामडं, कापशी. मी या परीक्षेत नापास.

हा विनोद डिक यांनी मुद्दाम ठेवलाय असं मला वाटतं. ती प्रश्नपत्रिका त्या जगातल्या, त्या वर्षीच्या माणसानं काढलेली. पुस्तक वाचणारा माणूसच तिच्यात गडगडतो. शिवाय कादंबरीत एका शंकेचा स्पष्ट उल्लेख आहे, की काही मनोरुग्णांच्या भावना इतक्या थिजलेल्या असतात, की तेही या चाचणीत अँड्रॉइड ठरतील आणि मारले जातील. म्हणजे परीक्षा माणसांनाही नापास करू शकते हे परीक्षा घेणाऱ्याला माहीत आहे, आणि तरी परीक्षा चालू आहे. आम्ही बोर्डाचे पेपर तपासायचो तेव्हा निदान फेरतपासणीचा अर्ज तरी असायचा.

त्यात ल्युबा लुफ्टचा प्रसंग आहे. ती अँड्रॉइड, आणि ऑपेरात गाते, उत्तम गाते. डेकार्ड आणि फिल रेश नावाचा दुसरा शिकारी तिला चित्रप्रदर्शनात गाठतात. मुंकच्या एका चित्राची प्रत घेऊन द्याल का, असं ती विचारते. डेकार्ड स्वतःच्या पैशानं ते चित्र असलेलं पुस्तक तिला विकत घेऊन देतो. थोड्या वेळात रेश तिला मारतो, आणि मारताना त्याला मजा वाटते. डेकार्डची खात्री होते की हा रेश अँड्रॉइडच असणार. एवढा कोरडा माणूस कसा असेल? चाचणी घेतात. रेश माणूस निघतो. मग डेकार्ड स्वतःलाच प्रश्न विचारून बघतो आणि काटा हलतो, तो त्या मेलेल्या गायिकेसाठी.

तुमच्या रकान्यात ल्युबाला किती द्यायचे? आणि रेशला?

तुम्ही म्हणाल, मास्तर, चापेकला विसरलात. विसरलो नाही. कारेल चापेक यांचं 'आर. यू. आर.' हे १९२० साली छापलेलं नाटक. 'रोबोट' हा शब्द त्यातूनच जगभर गेला. तो सुचवला कारेलच्या चित्रकार भावानं, योसेफनं, आणि तो आला चेक भाषेतल्या 'रोबोटा' या शब्दावरून. त्याचा अर्थ वेठ. आपल्याकडे वेठबिगार म्हणतात ना, तेच. 'यंत्रमानव' असा चकचकीत शब्द करताना ती वेठ आपल्या हातून सांडली. या नाटकातले रोबोट पत्र्याचेही नाहीत. रसायनांतून मांस-मज्जा तयार करून कारखान्यात जुळवलेले आहेत. अधूनमधून एखादा रोबोट हातातलं काम टाकतो, दात खातो, थरथरतो. व्यवस्थापनाच्या लेखी हा बिघाड. असा रोबोट चेचायच्या गिरणीत जातो. नाटकाची नायिका हेलेना, ही माणूस, म्हणते, हा आत्मा असेल, हा लढा असेल. आणि कंपनीतला शास्त्रज्ञ डॉक्टर गाल रोबोटांना वेदना द्यायच्या खटपटीत आहे. दया आली म्हणून? छे. दुखत नाही म्हणून ते हात यंत्रात घालतात, बोटं तुटतात, नुकसान होतं. वेदना हवी ती औद्योगिक कारणांसाठी.

'भावना उतरल्या आहेत का' हे विचारणाऱ्यानं हे पान दोनदा वाचावं. कुणी उतरवल्या, आणि कुणाच्या फायद्यासाठी?

शेवटी चापेक प्रेमाकडे येतो, हे कबूल. माणसं संपलीत, एकटा अल्क्विस्ट उरलाय, आणि तोही रोबोटांनी जिवंत ठेवला कारण तो हातांनी काम करणारा. तो प्रायमस आणि रोबोट हेलेना यांच्यापैकी एकाला चिरून बघायचं म्हणतो, तेव्हा प्रत्येक जण म्हणतो, मला घ्या. तुमचा पाचवा रकाना याच दृश्याची शंभर वर्षांनंतरची पुसट झेरॉक्स आहे. फक्त झेरॉक्समध्ये सुरी उमटलेली नाही. समोर सुरी धरलेला परीक्षक होता म्हणून त्या उत्तराला किंमत आली.

काफ्काची एक छोटी गोष्ट मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलीय. १९१७ साली छापलेली. एक माकड, पूर्वाश्रमीचं, विद्वानांच्या अकादमीपुढे भाषण करतंय. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दोन गोळ्या घालून त्याला पकडलं, आणि जहाजावर अशा पिंजऱ्यात कोंबलं की उभं राहायला उंची पुरत नाही, बसायला रुंदी पुरत नाही. बाहेर खलाशी. त्याला स्वातंत्र्यबितंत्र्य काही नको होतं, बाहेर पडायला वाट हवी होती. म्हणून तो हस्तांदोलन शिकला, थुंकायला शिकला, पाइप ओढायला शिकला. सगळ्यांत जड गेली दारू. एक दिवस त्यानं बाटली रिकामी केली आणि तोंडातून माणसाचा शब्द निघाला, 'हॅलो!' खलाशांनी डोक्यावर घेतला. गंमत अशी, की अकादमीनं त्याला वेगळंच विचारलं होतं. माकड असतानाचं आयुष्य कसं होतं, ते सांगा. तो म्हणतो, तेवढं सोडून बोला. ते आता माझ्याजवळ उरलेलं नाही.

परीक्षक मंडळी, हे आपलंच चित्र आहे. आपण स्पर्धेच्या जाहिरातीत मानवेतर मन मागतो, आणि गुण देतो ते 'हॅलो' म्हटल्याबद्दल.

आपल्याकडे पैठणचा रेडा आहेच. शुद्धिपत्र मागायला आलेल्या भावंडांची टिंगल करताना कुणी म्हणालं, तो बघा रेडा, त्याचंही नाव ज्ञाना. आणि ज्ञानेश्वरांनी हात ठेवल्यावर रेड्यानं वेद म्हटले. जुन्नर तालुक्यातल्या आळ्याला त्याची समाधी आहे. शाळेची सहल नेली होती तेव्हा एका मुलीनं मला विचारलं, सर, वेद म्हणून झाल्यावर तो काय म्हणाला? वर्ग हसला. मीही हसलो. पाठ्यपुस्तकात उत्तर नव्हतं. आख्यायिकेला रेड्याच्या मनाशी देणंघेणं नाही हे मला कळतं, तिचा सगळा रोख पैठणच्या परीक्षकांवर आहे. पण त्या मुलीनं विचारलं ते कथाकाराचं काम आहे, आणि आपल्या गुणपत्रकात त्याला जागा नाही.

जागा केली तर काय दिसू शकतं, हे स्टानिस्लाव लेम यांच्या 'सोलारिस'मध्ये बघा. १९६१ची पोलिश कादंबरी. एका ग्रहावर एकच सजीव आहे, अख्खा समुद्र. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याचा अभ्यास केला, त्याच्या पृष्ठभागावर उठणाऱ्या आकारांना नावं दिली, ग्रंथांनी कपाटं भरली, आणि तो काय विचार करतो याचा पत्ता नाही. उलट तोच त्यांच्या मनातून माणसं काढून त्यांच्यापुढे उभी करतो. केल्विनची मेलेली बायको परत येते. ती रडते, प्रेम करते, आणि आपण ती नाही हे कळल्यावर मरायला बघते. भावनेचे सगळे दहा गुण तिला देऊन टाका. समुद्राला शून्य. आणि पुस्तक मिटल्यावर रात्री झोप उडवतो तो समुद्र.

आता एक आजची गोष्ट. यंदाच्या अर्जात नवीन हमीपत्र जोडलं होतं: 'ही कथा मी स्वतः लिहिली असून ती कोणत्याही यंत्राकडून लिहून घेतलेली नाही.' चांगलंय. पण माझ्या भाच्याला मी विचारलं, तर त्यानं माझ्यासमोर मोबाइलवर दोन ओळी टाकून अशी कथा काढून दाखवली. अर्धा चहाही संपला नव्हता. तीत म्हातारा होता, पाऊस होता, आणि शेवटी यंत्राच्या आवाजाला कंप सुटला होता. पाचव्या रकान्यात मी तिला आठ दिले असते. दाराशी हमीपत्र घेऊन आपण यंत्राला अडवतो, आणि आतमध्ये त्याला सगळ्यांत सोप्या जाणाऱ्या प्रश्नाला दहा गुण ठेवतो.

कथा आपण नावं झाकून वाचतो, डे लेसीसारख्या. ती पद्धत ठेवा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या नावानं एक कथा आली होती. तो उलट्या आद्याक्षरांचा माणूस जयंत विष्णू नारळीकर होता, हे आपल्याला माहीत आहे. तेव्हाच्या परीक्षकांनी नुसत्या कथेवर निकाल दिला आणि ती पहिली आली. तसा कान ठेवा आणि पाचवा रकाना काढा. त्याच्या जागी काहीच नको. दहा गुण मांडणीत टाका, भाषेत टाका, कुठेही टाका.

आणि एक राहिलं. हे पत्र लिहायचं खरं कारण तेच.

गठ्ठ्यात एक कथा होती, सात पानांची. एका गावच्या नळपाणी योजनेचं नियंत्रण करणारी यंत्रणा ती सांगते. तिला फक्त दाब कळतो, आणि वेळ. कुठला नळ किती वाजता सुटला, किती वेळ चालला, दाब कितीनं उतरला. टोकाच्या एका नळावर रोज पहाटे पाच वीसला दाब थोडासा उतरतो, कारण तिथे एक कळशी भरते. पुढे तो चार दिवस उतरत नाही. मग उतरतो, पण कमी. बहुतेक हंडा आता लहान आहे, किंवा उचलणारी लहान आहे. यंत्रणा यावर काहीच म्हणत नाही. आकडा नोंदवते आणि वॉल्व्ह बंद करते. संपली.

मी भाषेला आठ दिले, मांडणीला नऊ. पाचव्या रकान्यापाशी आलो, प्रश्न वाचला, आणि प्रामाणिकपणे दोन दिले. मानवी भावना उतरल्या नव्हत्या. चार गुणांनी ती चाळणीतून पडली. निकाल लागल्यावर एका पहाटे आमच्या इमारतीच्या टाकीचा पंप सुरू झाला आणि मी अंथरुणात उठून बसलो.

कथेचा क्रमांक १७. नावाचा लिफाफा तुमच्याकडे आहे, तो उघडायचा मला हक्क नाही. तुम्ही उघडावा, आणि ते दोन गुण मी दिले होते असं त्या व्यक्तीला कळवावं.

आपला,
चाळणी फेरीतला एक वाचक